जुने रिव्हॉल्व्हर आणि भरवशाचा मिस्त्री

महाराष्ट्रातले जुने रिव्हॉल्व्हर बहुधा लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात राहते. सातबाराचे जुने उतारे, कुणालाच वाचता न येणारा एक मोडी कागद, बंद पडलेले मनगटी घड्याळ आणि पाटल्यांची रिकामी डबी हे त्याचे शेजारी. मालक कधी जुन्या इनामदाराचा वंशज असतो, कधी साखर कारखान्याचा माजी संचालक, कधी निवृत्त फौजदाराचा मुलगा, तर कधी नुसताच थोरला नातू. रिव्हॉल्व्हरबरोबर प्रत्येक घरात एक कथाही वारशाने येते. आजोबांनी याच रिव्हॉल्व्हरने वाघ मारला, ही तिची सर्वांत प्रचलित आवृत्ती. बत्तीस बोअरच्या गोळीने वाघ मरण्यापेक्षा चिडण्याची शक्यता जास्त. पण आजोबांच्या हयातीत हा मुद्दा काढण्याची कुणाची छाती झाली नाही आणि वाघाची जबानी कुणी घेतली नाही.

बोअर बत्तीसच का, याचे उत्तर सरकारी वर्गवारीत आहे. ३८ आणि ४५५ बोअरची रिव्हॉल्व्हरे, ९ मिलिमीटरची पिस्तुले आणि ३०३ च्या रायफली ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात मोडतात. सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर ४५५ बोअरचे होते. म्हणून लढाईवरचे रिव्हॉल्व्हर सिनेमात दिसते आणि कपाटात बत्तीस बोअरचे सापडते. त्यातही ज्याच्यावर ‘वेब्ली अँड स्कॉट’ आणि ‘बर्मिंगहॅम’ ही अक्षरे आहेत, त्याच्या मालकाची मान आपोआप दोन बोटे वर जाते. नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून जुने विलायती शस्त्र नव्या देशी शस्त्रापेक्षा महाग विकले जाते. वास्तविक कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच वळणाचे आहे. खुद्द वेब्ली अँड स्कॉटच्या नावाची रिव्हॉल्व्हरे अलीकडे उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला गावी बनू लागली आहेत. पण संडीला म्हटल्यावर मान वर जात नाही.

वेब्लीची रचना समजायला सोपी आहे. घोड्याशेजारचा खटका अंगठ्याने दाबला की रिव्हॉल्व्हर मधोमध मोडते, नळी खाली झुकते आणि सहा घरांची चक्री उघडी पडते. त्याच वेळी चक्रीच्या मधून एक चांदणी वर येते आणि रिकामी काडतुसे बाहेर ढकलते. चाप ओढला की आतली एक छोटी पट्टी चक्रीला एक घर पुढे ढकलते, दुसरा खटका चक्रीला त्या जागी अडवतो आणि मगच घोडा पडतो. या कवायतीला मिस्त्री लोक ‘टायमिंग’ म्हणतात. टायमिंग बिघडले की चक्रीचे घर आणि नळीचे तोंड समोरासमोर येत नाही. मग गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाच्या किरचा बाजूला उभे असलेल्या मंडळींच्या अंगावर उडतात. नेम समोरच्यावर आणि प्रसाद शेजाऱ्याला, अशी ही अवस्था.

या बिघाडांची कारणे शोधू गेल्यास ती क्वचितच शत्रूच्या गोटात सापडतात. पहिले कारण खंडेनवमी. वर्षातून एकदा शस्त्र बाहेर निघते, हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची पाकळी लेऊन पाटावर बसते आणि भक्तिभावाने खोबरेल तेल पिऊन परत जाते. खोबरेल थंडीत गोठते, जुने झाले की चिकट होते आणि कुंकवाची पूड धरून ठेवते. अशा पंचवीसेक खंडेनवम्या झाल्या की चाप ओढल्यावर घोडा हलतो की नाही, हे देवाच्या इच्छेवर राहते. दुसरे कारण चामड्याचे म्यान. ते दिमाखदार दिसते म्हणून रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे त्यातच राहते. चामडे पावसाळ्यातली ओल धरते आणि म्यान जिथे टेकले तिथे गंज चढतो. तिसरे कारण भाचे, पुतणे आणि जावई. रिव्हॉल्व्हर हातात आले की ते रिकाम्या चक्रीवर टक्‌टक् चाप ओढतात, आणि एकदा तरी सिनेमातल्यासारखी चक्री गर्रकन फिरवून मनगटाच्या झटक्याने रिव्हॉल्व्हर बंद करतात. या झटक्याने बिजागरी आणि खटका दोन्ही सैल होतात. जावयाला कुणी बोलत नाही.

अशा शस्त्राची दुरुस्ती ही हौसेची बाब असली तरी तिच्यावर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे बारीक लक्ष आहे. या कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र बनवायला किंवा विकायला परवाना लागतो, तसाच तो दुरुस्त करायलाही लागतो. २०१९ च्या सुधारणेनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षे कैद आणि कमाल जन्मठेप आहे. त्यामुळे मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळे दुरुस्त करणारा, प्रत्येक गावात असणारा तो हरहुन्नरी फिटर इथे चालत नाही. “आपल्याच घरातला माणूस आहे” हे वाक्य इतर सर्व सरकारी कामांत उपयोगी पडते, या कामात ते आरोपपत्रात जाते.

कायद्याची आणखी एक गंमत कलम ४५ मध्ये आहे. जे शस्त्र कालबाह्य, पुराणवस्तूच्या किमतीचे किंवा नादुरुस्त आहे आणि दुरुस्त करूनही वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे बिघडलेले रिव्हॉल्व्हर परवान्याच्या कक्षेत राहते आणि कायमचे मेलेले रिव्हॉल्व्हर मोकळे होते. नातवंडांना हे कलम कुणीतरी सांगतेच, आणि “आपले तर चालतच नाही, मग परवाना कशाला” असा सोयीचा अर्थ काढला जातो. चालत नाही आणि चालूच शकत नाही या दोहोंत बरेच अंतर आहे. न्यायालयात ते तज्ज्ञाच्या अहवालाने मोजले जाते, थोरल्या काकांच्या मताने नाही.

वारशाचेही तसेच. परवानाधारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचे आणि वारसाने आपल्या नावे परवाना मागायचा, हा नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी मालकाला हयातीतच वारसाकडे शस्त्र सोपवण्याची वाटही करून दिली: वय ७० झाले किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली की अर्ज करता येतो. पण अर्जाचा विषय निघाला की आजोबांना आपण मरणार आहोत असे सुचवल्यासारखे वाटते, आणि विषय पुढच्या दिवाळीवर जातो.

कागद जागेवर असले की मिस्त्रीचा शोध सुरू होतो. मुलीसाठी स्थळ पाहताना होते तशी चौकशी या कामी करावी लागते. म्हणजे ज्यांना विचारायचे त्यांपैकी कुणालाच खरी माहिती नसते आणि सगळेच खात्रीने बोलतात. “आमच्या माहितीतला एक जण आहे, हात म्हणजे सोने,” असे तालुक्याचा एक गृहस्थ सांगतो. तपास केल्यावर तो माणूस वारल्याला बरीच वर्षे झालेली असतात आणि त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारपेठांत परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांची दुकाने अजून आहेत. बाहेर एअरगन, दुर्बीण आणि टॉर्च टांगलेले, आत काचेच्या कपाटात साखळीने बांधलेल्या दुनळी बंदुका, आणि मागच्या बाजूला पडद्याआड एक लाकडी बाक. मालक पुढे बसतो, कारागीर पडद्याआड. नाव दुकानाचे होते आणि शोधायचा असतो तो पडद्याआडचा माणूस.

हे कारागीर ढोबळमानाने पाच प्रकारांत मोडतात.

पहिला होकारवाला. रिव्हॉल्व्हर पिशवीतून बाहेर निघण्याआधीच तो म्हणतो, “होऊन जाईल साहेब, टेन्शन नका घेऊ.” काय होऊन जाईल, हे त्यालाही ठाऊक नसते. त्याची दुरुस्ती बहुधा हातोडीने सुरू होते.

दुसरा चकाचकवाला. त्याच्या मते शस्त्राचे सर्व आजार पृष्ठभागावर असतात. तो रिव्हॉल्व्हर बफिंगच्या चाकावर धरतो आणि वर निकेलचा मुलामा देऊन समईसारखे लखलखीत करून देतो. कडांचा धारदारपणा जातो, अक्षरे पुसट होतात आणि पुष्कळदा नंबरही घासला जातो. कलम ८ नुसार शस्त्रावरचा नंबर वा खूण पुसणे गुन्हा आहे. म्हणजे मालक वेब्ली देऊन जातो आणि पुरावा घेऊन परततो.

तिसरा अदलाबदलवाला. त्याच्याकडे सगळे सुटे भाग मिळतात, आणि ते कुठून येतात हे विचारायचे नसते. अस्सल बर्मिंगहॅमची स्प्रिंग एका गिऱ्हाइकाच्या रिव्हॉल्व्हरमधून दुसऱ्याच्यात जाते, तिथली तिसऱ्याच्यात. काही वर्षांत त्या जिल्ह्यातली सगळी रिव्हॉल्व्हरे एकमेकांची नातेवाईक होतात.

चौथा निवृत्त आर्मरर. पोलिसांच्या किंवा पलटणीच्या शस्त्रागारात त्याने उभी हयात काढलेली असते आणि निवृत्तीनंतर तो एखाद्या दुकानात बसतो. हात पक्का, शिस्त कडक. थ्री नॉट थ्रीची रायफल तो डोळे मिटून जोडतो. पण वेब्लीकडे तो संशयाने पाहतो, कारण ते त्याच्या पुस्तकात नसते. तरीही पहिल्या तिघांपेक्षा तो दहापट बरा: जे येत नाही, ते तो करत नाही.

पाचवा खरा. त्याची पहिली खूण म्हणजे तो फटकळ असतो. “हे काय करून ठेवलंय?” हे त्याचे स्वागताचे वाक्य. गिऱ्हाईक शंभरदा म्हणाले, की मी स्वतः पाहिले, रिकामे आहे, तरी तो रिव्हॉल्व्हर हातात घेताच आधी उघडून सहाही घरे पाहतो. दोन मिनिटे बोलून झाल्यावर पुन्हा पाहतो. या पुन्हा पाहण्याला गिऱ्हाइकाने अपमान समजू नये. या धंद्यात ज्यांनी पुन्हा पाहिले नाही, ते दाखला द्यायला उरत नाहीत.

त्याची दुसरी खूण स्क्रूत दिसते. जुन्या रिव्हॉल्व्हरचे स्क्रू अरुंद आणि सरळ खाचेचे असतात. बाजारू स्क्रूड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे उतरते, खाचेत पूर्ण बसत नाही, निसटते आणि खाचेची ओठाळी सोलून काढते. जाता जाता शेजारच्या निळसर पोलादावर एक पांढरी रेघही ओढते. ती रेघ म्हणजे आधीच्या मिस्त्रीची सही. खरा मिस्त्री प्रत्येक स्क्रूसाठी पात्याचे टोक घासून मापाचे करतो आणि त्याच्या बाकावर अशा टोकांची रांगच मांडलेली असते. म्हणून दुकानात गेल्यावर गिऱ्हाइकाने गप्पांत न रमता दुरुस्त होऊन ठेवलेल्या बंदुकांचे स्क्रू पाहावेत. खाचा नीट असतील तर बसावे, सोलवटल्या असतील तर पत्ता चुकल्याचे सांगून उठावे.

तिसरी खूण: तो परवाना मागतो, आणि रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी मागतो. परवान्यावरचा नंबर शस्त्रावरच्या नंबराशी ताडतो, रजिस्टरात नोंद करतो आणि पावती देतो. “अहो, आपण ओळखीचे,” असे गिऱ्हाईक म्हणाले तर तो चष्म्यावरून पाहतो आणि रजिस्टर सहीसाठी पुढे सरकवतो. जो कागद मागत नाही तो इतरांकडूनही मागत नसणार, आणि त्याच्याकडे पोलीस कधीतरी येणार. त्या दिवशी आजोबांचे रिव्हॉल्व्हर त्याच्या बाकावर नसलेले बरे.

चौथी खूण भिंगाची. तो नळीवरचे आणि चक्रीवरचे बारीक शिक्के वाचतो. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ चे. तिथे प्रत्येक शस्त्रातून जादा दाबाचे काडतूस उडवून पाहत आणि ते शाबूत राहिले तरच शिक्का मारत. जुने शस्त्र काळ्या दारूसाठी पारखलेले असते, तर १९०४ पासून बिनधुराच्या दारूसाठी मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे उमटू लागली. ती नसतील तर आजच्या काडतुसाचा दाब त्या नळीने सोसलाच पाहिजे अशी तिच्यावर सक्ती नाही. होकारवाला हे शिक्के नक्षी समजतो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे नकार. “नळी आतून खाल्लीय, मी करणार नाही.” “याला स्प्रिंग मिळणार नाही, बनवावी लागेल, वेळ लागेल.” “निकेल नको, आहे तो रंग राहू दे.” गिऱ्हाइकाला यातले एकही वाक्य आवडत नाही. ते रागाने उठते, होकारवाल्याकडे जाते आणि वर्षभराने जास्त बिघडलेले रिव्हॉल्व्हर घेऊन परत येते. खरा मिस्त्री काही बोलत नाही, फक्त आधी स्क्रू पाहतो.

रिव्हॉल्व्हर दुकानात पोहोचवणे हाही एक सोहळा असतो. ते रिकामे करून, परवान्यासह न्यायचे, एवढेच सरळ काम. पण घरातली वडीलमंडळी ते धोतरात गुंडाळून, लाडवांच्या डब्यात घालून एसटीने पाठवण्याचा सल्ला देतात. काहीही लपवायचे नसताना लपवल्यासारखे वागले की वाटेतला प्रत्येक हवालदार आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटते, आणि थोड्या वेळाने तो खरोखरच पाहू लागतो.

मुहूर्तही पाहावा लागतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यांतून परवान्याची शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात आणि दुकानांतही जमा शस्त्रांची गर्दी होते. कोकणात आणि गोव्यात पीक संरक्षणासाठी दिलेल्या बंदुकाही त्यात जातात. शेतकऱ्यांची तक्रार असते की रानडुकरांना आणि वानरांना आचारसंहिता लागू नसल्याने तेवढ्या काळात ती प्रचाराला मोकळी सुटतात. या एकनळी बंदुकांवरच तिकडच्या मिस्त्रीचे पोट चालते. त्यांची दुरुस्ती त्याला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर कुणाचे तरी भात आणि नारळ अवलंबून असतात. रिव्हॉल्व्हरवाल्याच्या घराण्याची प्रतिष्ठा त्यामागे रांगेत थांबते.

काम हाती घेतले की किती दिवस लागतील, याचे उत्तर या धंद्यात तारखेत देत नाहीत, सणात देतात. गणपतीत नेऊन दिले तर दिवाळीनंतर, दिवाळीत दिले तर गुढीपाडव्याला. यात आळस कमी आणि अडचण जास्त आहे. वेब्लीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. मोडलेली पट्टी पोलादाच्या तुकड्यातून कानशीने घासून काढावी लागते, तापवून पाणी द्यावे लागते, बसवून पाहावी लागते, आणि केसभर कमी पडली तर नव्याने करावी लागते. केसभर जास्त असेल तर घासता येते, म्हणून चांगला मिस्त्री सावकाश घासतो. मजुरीचा आकडा तो शेवटी सांगतो आणि तो एका वाक्यात असतो. स्वस्त मिस्त्री आधी आकडा सांगतो, नंतर त्याला पुरवण्या जोडतो.

परत घेताना मालकाने जुना, मोडका भाग मागून घ्यावा. खरा मिस्त्री तो न मागताच कागदाच्या पुडीत बांधून देतो. अदलाबदलवाला म्हणतो, “तो काय करायचाय साहेब, भंगार.”

शेवटी चाचणी. ती परवानाधारक व्यावसायिकाने, सुरक्षित जागी करायची असते. नव्या दुरुस्तीची खात्री लग्नाच्या वरातीत करून घेण्याची जी प्रथा काही भागांत आहे, तिच्यासाठी २०१९ च्या सुधारणेत २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी सोय केलेली आहे. काडतुसांसाठी मराठी माणसाला फार लांब पाहावे लागत नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि देशी काडतुसांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्याचीच. किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. रिव्हॉल्व्हरबरोबर कपाटात सापडलेली, हिरवट बुरशी चढलेली जुनी काडतुसे मात्र “आजोबांची आठवण” म्हणून चाचणीला आणू नयेत. ती दुकानदाराच्या किंवा पोलिसांच्या स्वाधीन करावीत. आठवण जपायला फोटो पुरतो.

पुष्कळदा तपासणीअंती खरा मिस्त्री एवढेच सांगतो, की साफ केले आहे, गंज थांबवला आहे, आता कोरड्या कापडात ठेवा आणि यातून गोळी मारू नका. सहा महिने थांबून एवढेच ऐकायला मिळाल्याने मालक खट्टू होतो. पण ज्या रिव्हॉल्व्हरने गेल्या तीन पिढ्यांत एकही गोळी झाडलेली नाही, त्याच्या बाबतीत हा निकाल फारसा अन्यायाचा नाही. मालकाची बोटे शाबूत राहतात, परवाना शाबूत राहतो आणि वाघाची कथाही.

असा मिस्त्री सापडला तर त्याच्याशी घासाघीस करू नये. तो सांगेल तेवढे पैसे द्यावेत, पावती परवान्याबरोबर ठेवावी आणि खोबरेल तेल देवघरापुरते ठेवावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्या बहुतेकांच्या मुलांनी दुसरा धंदा धरला आहे.